छतावरचे चौदा किलो

माझ्या सासऱ्यांना मी घराबाहेर काढलं. एवढं वाचून तुमच्या डोळ्यांपुढे जी सून उभी राहिली असेल, ती मी नव्हे. मी त्यांना बिनपाण्याचा चहा देते, बस येईपर्यंत त्यांची पिशवी धरून फाट्यावर उभी राहते, आणि त्यांच्याच मताप्रमाणे माझ्या भाकरीला आता पापुद्रा सुटायला लागला आहे. तरीही काढलं हे खरं. तेही भांडून नव्हे, इंटरनेट जोडून.

मामा, म्हणजे माझे सासरे शेषेराव, भूकंपात नऊ तास ढिगाऱ्याखाली होते. त्याबद्दल ते बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. नंतर नव्या गावात सरकारी घर मिळालं. त्याच्या भिंतीत लोखंड, कोपऱ्यात लोखंड. तरी मामा त्यात अठ्ठावीस वर्षं झोपले नाहीत. उन्हाळा-हिवाळा अंगणात, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडात. "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय," ते म्हणायचे. "स्लॅबचं तसं नसतंय." छतावर काही ठेवायचं नाही, हा आमच्या घराचा एकमेव कायदा. गावात सगळ्यांच्या पाण्याच्या टाक्या आता छतावर गेल्या आहेत. आमची अंगणात, जमिनीवर, म्हशीसारखी बसून आहे. त्यामुळे आमच्या न्हाणीत शॉवर आहे, पण तो नुसता दागिना.

साक्षी तेरा दिवसांची होती तेव्हा तिला पोटदुखीने धरलं. पहाटे ती जी रडायची, ती औसा रोडपर्यंत ऐकू जात असावी. एका सकाळी मी उठून बघते तर मामांची खाट आत, पाळण्याशेजारी. पाळण्याची दोरी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला. ते झोपलेले आणि अंगठा चालू. आपण छताखाली झोपलोय हे त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून आम्ही सगळे आठवडाभर हळू चालत होतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांनीही ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, म्हणजे चारच घरी सांगितली. दीड वर्ष मामा आत झोपले. साक्षी बोलायला लागली ती पाळण्यातून "आबा" असं म्हणूनच.

हे सगळं मला माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय नाही.

आता माझी बाजू. मी नांदेडची. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, प्रथम श्रेणी. हॉस्टेलवर मी, मनस्विनी आणि सिंधु असा तिघींचा कंपू होता. आम्ही संगणकावर ठोकळ्यांचा एक खेळ खेळायचो. ठोकळ्यावर ठोकळा रचून त्यात घरं, पूल, हवं ते बांधायचं. अभ्यासाच्या नावाखाली चार वर्षांत आम्ही अख्खी गोदावरी बांधली, घाटासकट. मेस बांधली. मेसच्या काकूंचा पुतळा बांधला. ती सगळी दुनिया माझ्या जुन्या हार्डडिस्कवर होती. लग्नं झाली आणि दुनिया कपाटात गेली.

एक दिवस मनस्विनीचा फोन आला. ती नांदेडला एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून एकच तास श्वास घेते, शनिवारी तीन ते चार. सिंधु नायगावला असते. "तिघींनी परत खेळू," ती म्हणाली. "कुठलातरी सर्व्हर भाड्याने घेऊ."

"भाड्याने कशाला," मी म्हणाले, "माझ्या घरी या."

हे वाक्य समजावून सांगायला हवं. असा खेळ कुणाच्या तरी संगणकावर भरतो. तो संगणक म्हणजे यजमान. बाकीच्या जणी इंटरनेटवरून त्याच्या दारात येतात. मला यजमान व्हायचं होतं. लग्न होऊन चार वर्षं झाली, या घरात पाहुणे मोप आले. आत्यांचे आले, मामांचे आले, माझा नवरा शिवशंकर, त्याचे विद्यार्थी तर चपला न काढता आले. माझं असं कुणी आलं नव्हतं. नांदेडहून नवी सावरवाडी म्हणजे तीन बस आणि एक जीप. लॅपटॉपमधून का होईना, माझ्या मैत्रिणींनी माझ्या दारात यावं एवढंच होतं. छोटी इच्छा. लोकांच्या छोट्या इच्छांपासून सावध राहावं, त्यांना पाया खणावा लागतो.

पहिला प्रयत्न मोबाईलचा. आमच्या घराच्या भिंती भूकंपाला अडवतात तशा सिग्नललाही अडवतात. पूर्ण रेंज मिळते ती अंगणातल्या शेवग्याला. मी फोन एका पिशवीत घालून फांदीला टांगला आणि खाली लॅपटॉप उघडला. खेळता येत होतं. पण यजमान होता येत नव्हतं. कंपनीच्या बाईंना फोन केला. त्यांनी फार गोड समजावलं, की मोबाईलच्या नेटला स्वतःचा पत्ता नसतो, हजारो ग्राहकांना मिळून एकच पत्ता असतो. म्हणजे मैत्रिणी वेशीपर्यंत येणार आणि पुढे कुठलं घर ते कुणालाच ठाऊक नसणार. "मग पत्ता द्या की," मी म्हणाले. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" त्या म्हणाल्या. दरम्यान शेजारच्या महानंदाकाकूंनी पिशवीत शेवग्याच्या शेंगा असतील म्हणून ती काढून आमच्याच ओट्यावर नीट ठेवली. पाणी शिंपडून, ताज्या राहाव्यात म्हणून.

शिवशंकरला विचारावं तर तो पहाटेच्या बसने लातूरला जातो आणि जेवणाच्या वेळी परततो. तो क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. लातुरात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांची एवढी गर्दी आहे की गुरुत्वाकर्षणसुद्धा तिथे जरा जास्त असावं. "केबल घे," तो जेवता जेवता म्हणाला, आणि एका मुलीची शंका फोनवर सोडवायला लागला.

केबल होती. सरकारी केबल आमच्या गावाला दोन वर्षांपूर्वीच पोचल्याची नोंद होती. गावात ती कुणी पाहिली नव्हती, एवढंच. मी अर्ज केला. पंधरा दिवस कुणी आलं नाही. कचेरीत गेले, तर साहेबांनी कागद काढून दाखवला. त्यावर शेरा होता: "ग्राहकाकडे समक्ष गेलो. घर बंद. हाक मारली, कोणी आले नाही."

"आमचं घर कधीच बंद नसतं," मी म्हणाले. "आमच्या घरात सारखं कुणीतरी चहा पीत असतं."

साहेबांनी नकाशा काढला. नकाशावर सावरवाडी होती, नदीकाठी. जुनी. जिथे आज बाभळी आहेत आणि शेळ्या आहेत. केबलही तिथेच गेली होती, नकाशाप्रमाणे, अगदी नियमाला धरून, आणि पडक्या चावडीच्या भिंतीशी गुंडाळून ठेवली होती. माझ्या अर्जात ग्रामसेवकाने जुन्या गावठाणाचा घरक्रमांक घातलेला, कारण उतारा त्याच नंबरने निघतो. बिचारा माणूस मामांच्या पडलेल्या घरासमोर उभं राहून हाका मारून आला होता.

हे घरी सांगावं की नाही, असं मला झालं. पण कागद मामांच्या हाती लागलाच. ते ओसरीवर बसून चष्मा लावून वाचत होते. मी जीव मुठीत धरून उभी. त्यांनी दोनदा वाचला.

"बरोबर लिहिलंय की," ते म्हणाले. "बंदच हाय." आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं.

उरला तिसरा मार्ग, छत्रीचा. तालुक्याला एक छोटी कंपनी आहे, तिच्या टॉवरकडे तोंड करून आपल्या घरावर छत्री लावायची, हवेतून नेट येतं, आणि मागितलं तर स्वतःचा पत्ताही मिळतो. मात्र मध्ये देवळाचं शिखर आणि लिंबाची झाडं. छत्री उंच पाहिजे. घरावर लोखंडी नळ, नळावर छत्री, नळ धरायला बोल्ट, तारा. सगळं मिळून चौदा किलो.

"छतावर?" मी म्हणाले.

"मग काय विहिरीत?" कंपनीचा माणूस म्हणाला.

मी आठ दिवस गप्प होते. हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवा. पण त्या आठ दिवसांत गुरुपादप्पांनी मला गाठलं. अप्पा समोरच्या घरात राहतात, ग्रामपंचायतीतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून सल्ल्यावर कार्यरत आहेत. "शेषेराव गुलबर्ग्याला लग्नाला चाललाय ना," ते म्हणाले. "दोन दिस न्हाई. तेवढ्यात लावून घे. आल्यावर काय, बघंल, सवय होईल. माणसाला कशाचीबी सवय होती."

"त्यांना विचारून..."

"इचारलं तर न्हाई म्हणंल. मग तुला त्याचा शब्द मोडावा लागंल. न इचारता केलं तर मोडलं काहीच न्हाई."

हा युक्तिवाद मला तेव्हा पटला. रात्री शिवशंकरने वहीच्या मागच्या पानावर स्लॅबचं गणितही करून दिलं. या स्लॅबवर चौदा किलो म्हणजे हत्तीवर माशी, असं उत्तर आलं. उत्तराखाली त्याने दोन रेघा मारल्या. बरोबर उत्तराखाली दोन रेघा मारायची त्याची सवय आहे. प्रश्नच चुकीचा घेतला असेल तर काय करायचं, हे क्लासमध्ये शिकवत नाहीत.

मामा बुधवारी गेले. गुरुवारी दुपारी चारला कंपनीची दोन माणसं आली. मी शिडीवरून वर, त्यांना जागा दाखवायला. आत्या आत कणीक मळत होत्या, साक्षी त्यांच्यापाशी. माणसांनी भोकं पाडायचं मशीन लावलं, आणि स्लॅबला टेकवलं.

वर आवाज फार नव्हता. पण खाली काय झालं ते मला नंतर कळलं. स्लॅब थरथरला, मांडणीवरची भांडी वाजायला लागली. एक, मग सगळी. सरकारी घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे शेजारचीही वाजली. मी वरून सहज खाली पाहिलं, तर आमची अख्खी गल्ली रस्त्यात होती.

कुणी ओरडलं नव्हतं. तेच मला आठवत राहतं. भिंतींपासून लांब, रस्त्याच्या बरोबर मध्यावर, सगळे उभे. आत्यांच्या एका काखेत साक्षी, दुसऱ्या हाताला कणीक. महानंदाकाकूंच्या हातात उलथणं. जी पोरंबाळं भूकंपानंतर जन्मली ती दारातच घुटमळत, हे मोठे लोक कुठे पळाले म्हणून बघत होती. आणि सगळ्यांच्या पुढे, एका गालाला साबणाचा फेस, गुरुपादप्पा. ज्यांचा सल्ला, ज्यांनी वेळ काढून दिली, ते.

मशीन थांबलं. महानंदाकाकूंनी वर पाहिलं.

"देविका, काय करलालीस गं वर?"

"भोक पाडतायत, काकू. नेटसाठी."

मग अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने फेस पुसला. "मला ठावंच होतं," ते म्हणाले.

"मग पळालाव कशाला?" काकू म्हणाल्या.

"मी न्हाई पळालो. पाय पळाले."

त्यावर दोघं-चौघं हसले. पण लगेच आत कुणी गेलं नाही. बराच वेळ सगळे तिथेच ऊस, पाऊस, कुणाची सोयरीक असलं बोलत राहिले, जणू बोलायलाच बाहेर आले होते. आत्यांनी साक्षीला माझ्याकडे दिलं. "सांगून करावं बाई," एवढंच म्हणाल्या. साक्षीच्या फ्रॉकवर कणकेच्या पाच बोटांचा छाप होता. तो सुकून कडक झालेला. धुतला, पण जरासा राहिलाच आहे.

इथे शहाण्या बाईने काय केलं असतं? माणसांना परत पाठवलं असतं. मी म्हणाले, "आता भोकं पडलीच आहेत तर."

मामा शुक्रवारी संध्याकाळी परतले. फाट्यावरूनच त्यांना छत्री दिसली असणार, देवळाच्या शिखराच्याही ती दोन हात वर होती. ते आले, पाय धुतले, साक्षीला लग्नातला लाडू दिला. चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाले,

"किती किलोचं हाय?"

"चौदा, मामा."

"बरं."

शिवशंकरने वही आणली. मामांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं सगळं गणित ऐकून घेतलं, मध्ये एकदा "हे कुठून आलं?" असंही विचारलं. शेवटी म्हणाले, "हाव, बरोबर हाय तुझं."

सकाळी मी उठले तर पाळण्याशेजारची जागा मोकळी. खाट अंगणात. पाळण्याची दोरी खिडकीच्या गजाला बांधलेली होती, नीट, दोन गाठी मारून.

"बाहेर झोपलाव का?" आत्यांनी विचारलं.

"गरम होलालंय आत," मामा म्हणाले. डिसेंबर होता.

शनिवारी तीन वाजता माझ्या दारात पाहुण्या आल्या. खोटं कशाला सांगू, पहिली वीस मिनिटं मी सगळं विसरले. पडद्यावर मनस्विनी घाटावरून उड्या मारत आली, सिंधु मेसच्या छपरावरून पडली. "देवे," ती कानातल्या फोनमधून म्हणाली, "लई दिवसांनी आले बघ तुझ्याकडं." मी लॅपटॉपसमोर चिवड्याच्या तीन बशा भरून ठेवल्या होत्या. का, ते मला विचारू नका. पाहुणे आले की हात आपोआप डब्याकडे जातो.

आणि लाईट गेली. यजमानाची लाईट जाते तेव्हा एकट्याची जात नाही. नदी, घाट, मेस, काकूंचा पुतळा, सगळी दुनिया तिन्ही तालुक्यांतून एकदम गेली.

अप्पा फाटकातूनच म्हणाले, "शनिवारी तीननंतर जाती की. सहाला येती. मला इचारायचं."

मनस्विनीचा फोन आला. तिला वाटलं मी रडतेय ते लाईट गेल्यामुळे. "जाऊ दे गं," ती म्हणाली. "घरचे कसे आहेत? मामा?"

"बाहेर आहेत."

"शेतात?"

"नाही. बाहेर."

तीन बशांतला चिवडा मी एकटीने खाल्ला.

साक्षी आता उठल्या उठल्या पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहायची आणि मोकळ्या जागेकडे बघून "आबा?" असं विचारायची. मामा खिडकीबाहेरून "हाव, हाय हितं" म्हणायचे. ती खाली, पाळण्याखाली बघायची. आवाज बाहेरून येतो हे तिला कळेना. असं मी अकरा दिवस ऐकलं आणि कंपनीला फोन केला. छत्री खाली घ्या.

त्यांनी फार चांगला उपाय सुचवला. माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे फार चांगल्या उपायांनी झाले आहेत. अंगणात तीस फुटी खांब रोवायचा, छत्री त्यावर. छत मोकळं, नेट चालू, सासरे आत. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी पुरण घातलं. छतावरची भोकं सिमेंटने बुजवली. मामांना शिडीवरून वर नेऊन दाखवली. त्यांनी वाकून हाताने थोपटून पाहिली.

"चांगली बुजवली," ते म्हणाले.

"मग आता आत या ना झोपायला."

"हाव, येतो की."

सकाळी खाट अंगणात. दुसऱ्या सकाळी अंगणात. फक्त जागा बदललेली. पूर्वी ती लिंबाखाली असायची, आता ओटा सोडून भलतीकडेच, ना सावली ना आडोसा. मला वाटलं रुसलेत. सासऱ्यांनी रुसावं, मी मनवावं, यात एक बरं असतं, रुसवा निघतो. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मी वाळवण गोळा करत होते. मामा खांबापाशी उभे होते. मग ते खांबाला पाठ लावून घराकडे चालायला लागले, एक एक पाऊल मोजून टाकत. भिंतीपाशी पोचले, तिथून वळून वर खांबाच्या टोकाकडे बघितलं. पुन्हा खांबाशी गेले, पुन्हा मोजत आले. अकरा पावलं.

मी घरातून टेप आणली, ते मळ्यात गेल्यावर. खांबापासून भिंत सत्तावीस फूट. खांब जमिनीपासून वर तीस. खाट बरोबर त्या रेषेवर होती, आणि खाटेच्या मागे खिडकी होती, आणि खिडकीच्या आत पाळणा.

शिवशंकर आल्यावर त्याला सांगितलं. त्याने सवयीने खिशातून पेन काढलं. सहा इंची नळ, चार फूट खोल काँक्रीट. मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि ते परत खिशात ठेवलं.

जोडणी बंद करण्याचा अर्ज असतो. त्यात कारण निवडायचं असतं: स्थलांतर, दर परवडत नाही, वेग कमी. मी "इतर" लिहिलं. मनस्विनीला आणि सिंधुला कळवलं की बायांनो, भाड्याने घ्या, मी पाहुणी म्हणून येईन, शेवग्याखालून.

सोमवारी माणसं आली आणि खांब काढून घेऊन गेली. खड्डा मी स्वतः माती लोटून बुजवला, वरून पाणी मारलं, धोपटला. मामा बाजूला उभे राहून बघत होते. अंगण एकदम मोठं दिसायला लागलं.

"निघाला बघा, मामा," मी म्हणाले.

"हाव. निघाला."

त्यांनी खाट उचलली. मी आधी पळत जाऊन दार उघडलं, दोन्ही फळ्या, आणि पाळण्याशेजारचं कपड्यांचं पिंप सरकवून जागा केली. आत्या चुलीपासून उठून बघायला आल्या. मामांनी खाट खिडकीपर्यंत आणली, झटकली, उशाकडची बाजू भिंतीकडे केली आणि तिथेच, बाहेर, खाली ठेवली.

मी दार धरून उभीच होते.

"लावून घे की," मामा म्हणाले. "लेकराला डास चावतेत."